पित्त म्हणून दडवलेली दारू

औषधाच्या दुकानात काउंटरवर एक कात्री असते. दहा गोळ्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या कापून द्यायला ती लागते. ‘पित्ताची दे रे दोन’ एवढं म्हटलं की व्यवहार अर्ध्या मिनिटात आटोपतो. पित्त कशाने झालं, केव्हापासून होतंय, काल रात्री काय घेतलं होतं, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. अलिबागपासून नागाव, चौल, रेवदंडा, काशीद आणि मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार म्हणजे पाहुण्यांची गर्दी आणि त्यांच्याबरोबर दारूची रेलचेल. सोमवारी सकाळी उरतात ते करपट ढेकर, छातीतली जळजळ आणि मळमळ. पाहुणे निघून जातात. इथेच राहणारा, रोज संध्याकाळी ‘थोडीशी’ घेणारा माणूस मात्र हेच दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतो. चूळ भरताना ओकारी येते, सकाळची भाकरी ताटात तशीच राहते, पोटाच्या वरच्या भागात टोचल्यासारखं होतं. नियमित पिणाऱ्याच्या शरीराने केलेली ही बहुतेक वेळा पहिली तक्रार असते. डोळे पिवळे होण्याच्या, पाय सुजण्याच्या, कामावरून काढून टाकण्याच्या आणि घरातलं डोरलं गहाण पडण्याच्या कितीतरी आधी पोट बोललेलं असतं. आपण त्याला ‘पित्त’ असं निरुपद्रवी नाव देतो आणि गोळी देऊन गप्प करतो. पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला दारूबद्दल सरळ, अपमान न करता विचारलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दवाखान्यात विचारलं पाहिजे, औषधाच्या दुकानात विचारलं पाहिजे आणि घरातही. दारूच्या वाटेवर माणसाला थांबवण्याची सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकरची आणि कमीत कमी मानहानीची जागा तीच आहे. आज तीच जागा ओस पडलेली आहे.

दारू पोटात गेल्यावर काय करते, ते आधी नीट समजून घेऊ. जठरात पाझरणारं आम्ल इतकं तीव्र असतं की, ते जठराचं स्वतःचंच अस्तर जाळू शकेल. तसं होत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्याखालच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून आम्लाला आत शिरू देत नाहीत. कडक दारू हा बांध फोडते. थर पातळ होतो, पेशींमधल्या फटी उघडतात, आम्ल आत झिरपतं. अस्तर लाल होऊन सुजतं, त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि काही वेळा त्यांतून रक्त येतं. डॉक्टर ज्याला गॅस्ट्रायटिस म्हणतात तो हाच. बिअर आणि वाइनची गत थोडी वेगळी आहे. त्यांच्यात अल्कोहोल कमी असतं, पण आंबवताना तयार होणारे काही पदार्थ जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. म्हणून ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यालाही रात्री दोन वाजता घशाशी येतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप दारूने सैल पडते हे त्याचं दुसरं कारण. त्यात रिकामं पोट, वरून तळलेला, तिखट-खारट चकणा आणि जेवण रात्री अकरानंतर. आता प्रमाण पाहा. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने ७७ मिली, म्हणजे वजनाने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ते ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. दिवसाला ४५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असा भक्कम पुरावा असल्याचं ‘वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड’ सांगतो. रोज एक क्वार्टर घेणारा, ज्याला गावात कोणी दारुडा म्हणणार नाही, तो ही रेषा रोज ओलांडतो.

‘मला तर काही होत नाही’ हे उत्तर इथे हमखास येतं. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं एक निरीक्षण चोख उत्तर देतं. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या पोटावरचं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षं त्याच्या जठराचं काम पाहिलं. अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडले, बाहेर काढून तपासले आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पचनाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. सेंट मार्टिन काही दिवस सलग कडक दारू प्यायला, तेव्हा ब्यूमाँट यांना त्याच्या जठराचं अस्तर लालभडक झालेलं आणि त्यावर व्रणांचे ठिपके उठलेले दिसले. सेंट मार्टिन मात्र काहीही दुखत नसल्याचं सांगत होता, त्याची भूक शाबूत होती. डोळ्यांसमोर जखम दिसते आहे आणि जखमेचा धनी ‘मी ठणठणीत आहे’ म्हणतो आहे, हे त्या डॉक्टरने स्वतः पाहून नोंदवलं. पोट दुखत नाही म्हणजे पोट बिघडलेलं नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. यातून आणखी एक गोष्ट निघते. ज्याचं पोट खरोखरच दुखायला लागलं आहे, त्याच्या आत त्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. मग ती तक्रार क्षुल्लक मानून दोन गोळ्यांत गुंडाळणं किती चुकीचं आहे!

गोळीला दोष द्यायचा नाही. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल ही उत्तम औषधं आहेत. ती आम्ल कमी करतात आणि अस्तराला भरून यायला उसंत देतात. योग्य माणसाला, योग्य मुदतीसाठी ती दिलीच पाहिजेत. बिघाड होतो तो गोळीच्या वापरात. दारूला बसण्याआधी ‘सेफ्टी’ म्हणून एक गोळी, सकाळी उठल्यावर आणखी एक आणि संध्याकाळी पुन्हा बाटली, या रीतीने घेतलेली गोळी उपचार राहत नाही, ती पिण्याची परवानगी होते. गोळी आम्ल थांबवते, दारू थांबवत नाही. पेशींवर होणारा दारूचा थेट मारा चालूच राहतो. स्वादुपिंडाला गोळीचा काही उपयोग नाही. पित्ताशयातले खडे आणि दारू ही स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाची दोन सर्वांत मोठी कारणं आहेत, आणि त्या दाहात पोटातून पाठीकडे जाणारी जी कळ येते ती सोसलेला माणूस ती विसरत नाही. यकृतालाही गोळी वाचवत नाही. यकृत कडक झालं की अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. जोरजोरात उलट्या करताना अन्ननलिकेचं अस्तर फाटून रक्त पडू शकतं, ते वेगळंच. आणि यात सर्वांत कमी चर्चा होते ती अंगदुखीच्या गोळीची. दिवसभर वाडीत नारळ-सुपारी काढणारा, होडीवर जाळी ओढणारा किंवा बांधकामावर घमेली वाहणारा माणूस अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो, आणि अंग दुखतं म्हणूनच दारूही घेतो. ही औषधं जठराचं संरक्षण कमी करणारीच आहेत. त्यांच्यावर दारू पडली की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात जात आहेत, हे दुकानदाराला आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कळणार कसं?

पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्ण मान्य करायला हवा. सगळं पित्त दारूचं नसतं. जागरण, उपवास, चहावर काढलेले दिवस, तंबाखू, काळजी, गरोदरपण, कितीतरी कारणं आहेत. पेप्टिक अल्सरची मुख्य कारणं हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक औषधं ही आहेत. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये त्या जंतूचं मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि आपलं म्हणणं सिद्ध करत नेलं. २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. महाराष्ट्रातल्या बायकांच्या पित्ताला तर दारू क्वचितच कारण असणार. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. पुरुषांत ते १४ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे सातांत एक, आणि हा आकडा लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभा आहे. पण कारणं अनेक आहेत, यावरून ‘विचारायला नको’ असं कसं निघतं? कारणं अनेक आहेत म्हणूनच विचारायला हवं. ताप आलेल्याला आपण खोकला आहे का, लघवीला जळजळ होते का, डास चावतात का, हे विचारतोच. पोटदुखीच्या माणसाला दारूचा प्रश्न टाळून दिलेलं औषध हा अंदाजपंचे कारभार आहे. दारू नसेल, तर डॉक्टर जंतूचा आणि इतर कारणांचा माग घेईल. म्हणजे न पिणाऱ्याचाही या प्रश्नाने फायदाच आहे.

दुसरा आक्षेप या किनाऱ्याच्या परंपरेतून येतो. माडी ही झाडाची, निसर्गाची, ती पोटाला थंड. थोडी घेतली तर पचनाला बरी. वाईट ती फॅक्टरीतली, असं इथे अनेकजण मनापासून मानतात. अष्टागरातल्या, म्हणजे याच पट्ट्यातल्या, माडांच्या वाड्या आणि माडावर चढण्याचं कसब असलेला भंडारी समाज हा या मातीचा खरा वारसा आहे. पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांतही नारळापासून केलेल्या मद्याचा उल्लेख आहे. त्याचं स्मारक आज रेवदंड्यात आहे. पण जुनेपणा म्हणजे निर्धोकपणा नाही. पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड आणि बिनदारूची असते. हवेतल्या आणि मडक्यातल्या जंतूंनी ती काही तासांतच आंबते आणि तिची माडी होते. तिच्यातलं अल्कोहोल बिअरच्या जातीचंच असतं. जठराला ते माडातून आलं की कारखान्यातून, हे कळत नाही. गावठीचं तर बोलायलाच नको. हातभट्टीत मिथेनॉल मिसळलं गेलं की सुरुवात पोटदुखी आणि उलट्यांनीच होते, ‘पित्त झालं’ म्हणून माणूस पडून राहतो आणि पुढच्या काही तासांत डोळ्यांपुढे धुकं येतं. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने गेली. अशा वेळी पोटाच्या तक्रारीला पित्त समजण्याची किंमत थेट प्राण असते. राहिला थोडीशी पचनाला बरी असण्याचा मुद्दा. त्याला आधार नाही. कडक दारूने जठर रिकामं व्हायला उलट उशीर लागतो. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं. जेवणानंतर पोटाला थंडावा हवा असेल, तर कोकणाकडे सोलकढी आहे. तिच्यात वाईट असं काही नाही.

याच परंपरेत एक अशी गोष्ट आहे जिचा वैद्यकीय उपयोग कोणी करून घेतलेला नाही. आषाढ अमावास्येला, ज्या दिवशी घरात दिव्यांची पूजा करायची, त्या दिवसाची आपण ‘गटारी’ केली आणि त्या रात्री पोटाचे हाल केले. पण त्यानंतरचा महिना पाहा. श्रावणात कितीतरी पुरुष स्वतःहून बाटली बंद करतात. घरच्यांना भांडावं लागत नाही, पोलीस लागत नाहीत, डॉक्टर लागत नाही. महिनाभर दारू सोडता येते, हे सिद्ध करणारा एवढा मोठा सामुदायिक पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि त्या महिन्यात कितीजणांचं पित्त गोळीशिवाय शांत होतं? ज्याचं होतं, त्याला आपल्या दुखण्याचं कारण फुकटात कळलं आहे. यावर कोणी म्हणेल, श्रावणात मटण-मासळीही बंद असते, तिखट कमी होतं, मग श्रेय दारूबंदीलाच कशावरून? आक्षेप बरोबर आहे. म्हणून श्रावण सोडून एखाद्या साध्या महिन्यात जेवण आहे तसंच ठेवावं, फक्त दारू थांबवावी आणि तीन-चार आठवडे पोटाकडे लक्ष द्यावं. जठराच्या अस्तरावरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. दारूने उठलेले वरवरचे ओरखडे ती थांबवली की काही दिवसांत-आठवड्यांत भरून येतात. जठर इतकं उदार आहे. यकृत एकदा कडक झालं की ते इतक्या सहज परत येत नाही. पोटाच्या टप्प्यावर विचारा असं मी कळकळीने म्हणतो, कारण या टप्प्यावर बहुतेक सगळं अजून दुरुस्त होण्याजोगं असतं.

रेवदंड्याच्या संदर्भात हे म्हणण्याला आणखी एक अर्थ आहे. नानासाहेब धर्माधिकारी याच गावचे. त्यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकीतून दासबोधाच्या आधाराने आठवड्याला एकत्र बसण्याची जी रीत पडली, ती आज राज्याच्या कानाकोपऱ्यांत आणि बाहेरही पोहोचली आहे. व्यसनमुक्ती हा त्या कामाचा जाहीर भाग आहे. २००८ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार नानासाहेबांना मरणोत्तर मिळाला, पुढे त्यांचे पुत्र अप्पासाहेब यांनाही तो देण्यात आला. या रीतीचं एक बलस्थान वैद्यकानेही मान्य करावं असं आहे. माणूस एकट्याने सोडू शकत नाही ते चारचौघांच्या सोबतीने, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी बसून सोडू शकतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं मुक्तांगणही याच सोबतीवर चाललं. पण बैठक असो, मुक्तांगण असो, वर्ध्याची १९७५ ची, गडचिरोलीची १९९३ ची आणि चंद्रपूरची २०१५ ते २०२१ मधली दारूबंदी असो, की गावातल्या २५ टक्के महिलांच्या मागणीवर होणारं ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान असो, या सगळ्यांची ताकद प्रामुख्याने लागते ती संसार हादरल्यावर. मारहाण झाली, कर्ज झालं, पोर शाळेतून काढलं, मग बायका रस्त्यावर येतात. त्यांचं धैर्य मोठं आहे आणि ती आंदोलनं हवीतच. माझा मुद्दा त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांचा आहे. त्या वर्षांत हा माणूस ना व्यसनमुक्ती केंद्रात जातो, ना बैठकीला. तो स्वतःला दारुडा मानतच नाही. पण डॉक्टरकडे आणि औषधाच्या दुकानात तो जातोच, पोट धरून जातो. त्याच्याशी बोलायला मिळणारी ती एकच उघडी खिडकी असते.

मग तो खरं सांगेल का? ‘दारू पितोस का?’ असं दरडावून विचारलं, तर सांगणार नाही, हे उघड आहे. पण प्रश्न विचारण्याच्या रीतीही तपासून पाहिलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची साधी चाचणी जगभर वापरली जाते. किती वेळा घेता, एका बैठकीत किती, सकाळी उतारा लागतो का, असे ते प्रश्न आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात तर याच्या पुढचं काम झालं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दुसऱ्याच कशासाठी आलेल्या पुरुषांना हे प्रश्न विचारले गेले आणि ज्यांचं पिणं घातक पातळीवर होतं, अशा ३७७ जणांवर ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याबरोबर समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. त्या घेणारे डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचं प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के होतं. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, हेही त्या अभ्यासात प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. कोकण किनाऱ्यावरची माणसं, सरकारी आरोग्य केंद्र आणि अर्ध्या-पाऊण तासाची चार संभाषणं. जे गोव्यात जमलं ते रायगडात जमायला कोणती अडचण आहे?

अडचण सांगितली जाते ती वेळेची. सकाळच्या ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना डॉक्टर कोणाकोणाला दारूचं विचारत बसणार? हे खरं आहे, म्हणूनच ते एकट्या डॉक्टरवर टाकू नये. आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात दारूचा प्रश्न आधीपासूनच आहे. तो रक्तदाब-मधुमेहाच्या गुणांची बेरीज करण्यापुरता राहतो. त्याच अर्जाला पोटाच्या तक्रारीची जोड द्यावी आणि दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला समुपदेशनाची तारीख द्यावी. नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने ठरवलं, तर वारंवार पित्ताची गोळी नेणाऱ्याला ‘आठवड्यातून किती वेळा बसता?’ एवढं विचारायला परवाना लागत नाही. महसुलाचा आणि पर्यटनाचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा त्यातून १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील अशी अपेक्षा सांगितली होती. दारूतून एवढं उत्पन्न काढणाऱ्या राज्याला प्रत्येक तालुक्याला दोन-चार समुपदेशक परवडत नाहीत, असं म्हणता येणार नाही. पोटाच्या रुग्णाला एक प्रश्न विचारल्याने किनाऱ्यावरचं एकही हॉटेल बंद पडणार नाही.

शेवटी वाचणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या जिवाशी आहेत. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत असेल, उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काही दिसत असेल, तर ते पित्त नाही. रात्र काढू नका, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब न्या. दारू प्यायल्यानंतर पोटात दुखून डोळ्यांना अंधूक दिसत असेल, तर तेही तितकंच तातडीचं आहे. दारूवर असताना अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि जो रोज, भरपूर, सकाळच्या उताऱ्यासकट पितो, त्याने माळ घातली किंवा शपथ घेतली म्हणून एका रात्रीत एकट्याने बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम होणं, फिट येणं असे प्रकार पहिल्या काही दिवसांत होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. त्याच्या निश्चयाचं मोल आहेच, फक्त डॉक्टर जवळ असावा. घरात कोणाचं पित्त महिन्यातून तीन-चार वेळा उसळत असेल, तर पुढची गोळी हातावर ठेवण्याआधी शेजारी बसून, आवाज न चढवता, किती घेतो आणि कधीपासून, ते विचारा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. तिला फोन करायला पैसे पडत नाहीत.